ईकोत झोपायचे, तर तिघेच जा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की सांगली-मिरजेत एक बेत हमखास शिजतो. कुणाची तरी ईको नाहीतर जुनी ओमनी घ्यायची, मागे फळी टाकून गादी अंथरायची आणि आठवडाभर कोकणचा किनारा धरून हिंडायचे. लॉजचे भाडे नाही, बुकिंग नाही, पटेल तिथे थांबायचे. बेत चांगला आहे आणि तो स्वस्तातही होतो. गडबड होते ती माणसांच्या आकड्यात. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून पाच-पाच जण निघतात, त्यातही दोघे कुठल्याशा ट्रेकवर भेटलेले, एक मित्राचा मित्र. आम्हा दोघांपैकी एकाचे काम गाड्यांचे आणि दुसऱ्याचे लाकडाचे. या पत्रात आमचे सांगणे एवढेच, की पाच सीटच्या ईकोत मुक्कामाची सहल तिघांचीच होते. चौथा आला की आधी वजन बिघडते, मग झोप, आणि परतताना हिशेब.

वजन कागदावर मांडून बघा. माणशी ७० किलो धरले तर तिघांचे २१०. फळ्या आणि पेट्या ३५, गाद्या १०, पाण्याचे दोन भरलेले जार ४०, शेगडी-भांडी-शिधा १५, प्रत्येकी दहा किलोची पिशवी म्हणजे ३०, तंबू, बॅटरी, पान्हे मिळून १०. बेरीज ३५० किलो. म्हणजे पाच माणसे बसल्यावर गाडी जेवढी दबते, तेवढीच ती तिघे आणि त्यांचा संसार घेऊन दबते. तिच्यावर चौथा आणि त्याची पिशवी चढली की मागचे स्प्रिंग खाली बसतात, नाक वर जाते, स्टिअरिंग हलके लागते आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ओमनीचे इंजिन ७९६ सीसीचे. तिच्यात दोघांच्या वर जाऊच नये.

आता पलंग. बहुतेक व्हिडिओंत पहिले काम म्हणजे मागचा बाक काढून टाकणे. मग तिसरा बसतो कुठे? गादीवर, पट्ट्याशिवाय, हातात चहा घेऊन. मागच्या प्रवाशालाही सीटबेल्ट सक्तीचा आहे, आणि ती सक्ती दंडासाठी नाही. साठच्या वेगात जोराचा ब्रेक लागला तर मागचा माणूस पुढच्या सीटवर पोत्यासारखा आदळतो. तेव्हा बाक जागेवर ठेवायचा. त्याची पाठ पुढे दुमडते का ते आधी पाहा, मॉडेलप्रमाणे फरक असतो. दुमडत असेल तर दुमडलेल्या पाठीच्या उंचीएवढ्या दोन पेट्या मागच्या डिकीत ठेवायच्या आणि रात्री दोन्हींवर मिळून फळ्या टाकायच्या. दुमडत नसेल तर बाक काढावाच लागेल, आणि मग त्या गाडीत दोघांचाच बेत करा. काहीही गाडीला वेल्डिंग करून किंवा बोल्ट मारून बसवू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि विम्याच्या क्लेमच्या वेळी कंपनीचा सर्व्हेअर नेमके तेच शोधतो. पलंग सुटा हवा, दहा मिनिटांत उचलून घरात ठेवता येईल असा.

प्लाय १२ मिमीचा, आयएस ७१० शिक्क्याचा घ्यावा. हा मरीन प्लाय. साधा कमर्शियल खाऱ्या दमट हवेत दोन सहलींत कडेने फुगतो. लोक मजबुतीसाठी १८ मिमी घेतात, ते नको. आठ बाय चारचा १२ मिमीचा ताव साधारण २३ किलो भरतो, १८ मिमीचा ३५. मजबुती खालच्या पट्ट्यांनी येते. एका तावातून गाडीच्या रुंदीच्या तीन आडव्या फळ्या काढा आणि प्रत्येकीच्या खाली दोन बाय एक इंचाच्या पट्ट्या दर दहा इंचांवर मारा. स्क्रू स्टेनलेसचे. फळ्यांना सहा-सहा इंचांवर इंचभराची भोके पाडा, नाहीतर अंगाचा घाम आणि श्वासाची वाफ गादीखाली साठून तिसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो. कापलेल्या कडांना व्हार्निशचे दोन हात द्या, कारण पाणी शिरते ते कडेतूनच. फळी जिथे टेकते तिथे जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा. ती नसेल तर सांगली ते रत्नागिरी कडकड ऐकत जावे लागते.

सुताराची नेहमीची चूक मापात होते. माप घेतले जाते तळाशी आणि फळी बसते दीड फूट वर, जिथे गाडीच्या भिंती आत वळलेल्या असतात. माप पलंगाच्या उंचीवरच घ्यायचे, तेही तीन ठिकाणी. ईकोची बाहेरची रुंदी १४७५ मिमी, म्हणजे चार फूट दहा इंच. पत्रा आणि अस्तर जाऊन आत चार फुटांच्या आसपास उरते, त्यात दोन माणसे खांद्याला खांदा लावून मावतात. उंच माणसाला तिरके झोपावे लागते. फळीपासून छतापर्यंत अडीच फूट तरी राहू द्या, नाहीतर कूस बदलताना ढोपर छताला लागते. फोम तीन इंची, ३२ डेन्सिटीचा, फळ्यांच्याच मापाने तीन तुकड्यांत. खोळ सुती. रेक्झिनवर झोपणाऱ्याची पाठ सकाळी ओली असते. पेट्यांना सामानाचा पट्टा घालून त्या सीटच्या पायाला आवळा, मोकळी पेटी अपघातात सर्वांत धोक्याची. आणि झोपण्याआधी सरकते दार आतून उघडते का ते अंधारात हाताने चाचपून बघा. मागचे मोठे दार आतून उघडत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंची दारे सामानाने अडवली तर आतला माणूस अडकतो.

तिसरा बाहेर, तंबूत. पाळी कुणाची ते सांगलीतच ठरवा. वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. चार कापडी पिशव्या वाळूने भरून दोरी बांधायची आणि फूटभर खाली पुरायच्या, मग वारा काही करत नाही. तंबू गाडीच्या चाकासमोर किंवा सायलेन्सरच्या बाजूला नको.

गाडीत दोघे झोपले की काचा आतून ओल्या होतातच. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवून त्यांना मच्छरदाणीची जाळी वेलक्रोने लावली की वारा आरपार जातो. आत मच्छर अगरबत्ती पेटवायची नाही. एसीसाठी इंजिन चालू ठेवून तर झोपायचेच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस जागाच होत नाही. दोन छोटे पंखे पाच-पाच वॅटचे, आठ तास, म्हणजे ८० वॅट-तास. मोबाईल आणि दिवा मिळून आणखी ८०. एकूण १६०. त्यासाठी १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी पुरून उरते, ती २५६ वॅट-तास देते आणि वजनाला तीन किलोच्या आत-बाहेर. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची जड बॅटरी गाडीत घालणे म्हणजे चौथा माणूस घेण्यासारखे आहे. चार्जिंग गाडीतून करायचे तर डीसी टू डीसी चार्जर लावा, नुसती तार ओढू नका, आणि बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. पंखे गाडीच्या मूळ बॅटरीवर चालवले तर सकाळी स्टार्टर नुसता कटकट करतो.

स्वयंपाक बाहेर, गाडीपासून दहा पावलांवर. ईको आणि ओमनीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. घाट चढून आल्यावर तिथली उष्णता तासभर टिकते, गॅसचा डबा त्या जागेजवळ ठेवू नये. समुद्रवाऱ्यात ज्योत विझते म्हणून शेगडीला चारही बाजूंनी पत्रा लावण्याची खोड असते. डबा तापून फुटू शकतो. आडोसा एकाच बाजूने, वाऱ्याकडून. तीन लिटरचा कुकर तिघांना पुरतो. पहिल्या दोन दिवसांसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असेल तर शेगडी काढावीच लागत नाही. भडंग न्यायचे असेल तर पावशेराच्या पुड्यांत न्या. मोठा पुडा खाऱ्या हवेत उघडला की तासाभरात सादळतो, आणि सांगलीच्या माणसाला त्याचे दुःख मासळी न मिळण्यापेक्षा जास्त होते.

आता घाट, कारण मोडतोड इथेच होते. सांगलीहून कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, रत्नागिरी हा रस्ता पहिल्यांदा जाणाऱ्याला सोपा. गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाटाने वैभववाडीत उतरणेही छान, पण दरडी आणि रस्त्याच्या कामांमुळे तो कधी बंद तर कधी एकेरी असतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करूनच निघा. नियम जुना आहे, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. भरलेली ईको आंबा घाट दुसऱ्यात उतरते, वळणांवर कधी पहिल्यात. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारा सहप्रवासी असेल तर त्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नका.

सतत ब्रेकवर पाय ठेवला की काय होते ते समजून घ्यावे. पॅड आणि लायनर तापले की त्यांची पकड कमी होते, गाडी थांबेना म्हणून माणूस आणखी जोरात दाबतो, ते आणखी तापतात. उष्णता पुढे ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषते, आणि जुन्या ऑइलचा हा आकडा १४० अंशांपर्यंत उतरतो. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही, म्हणून पेडल एकदम पोकळ लागते आणि तळाला जाते. याला लोक ‘ब्रेक फेल’ म्हणतात, पण बऱ्याचदा तो फक्त दोन वर्षांत न बदललेल्या ऑइलचा हिशेब असतो. निघण्याआधी ऑइल बदला, पुढचे पॅड आणि मागचे लायनर उघडून बघा. पेडल मऊ लागू लागले तर दोन-तीनदा झपाझप दाबून घ्या, गिअर एकेक करत खाली आणा आणि डोंगराच्या बाजूला थांबा. थांबल्यावर चाकाला दगड लावा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नका आणि पाणी तर ओतूच नका, ड्रम तडकतो, डिस्क वाकडी होते. वीस मिनिटे चहा घ्या. पाण्याचे जार सांगलीतून भरून नेण्यातही अर्थ नाही. पाच लिटर पिण्यापुरते घ्या, बाकीचे साखरप्याला उतरून भरा. तेवढेच पस्तीस किलो घाटात कमी.

परतीच्या वाटेवर दुखणे उलटे असते. आंबोली सावंतवाडीकडून चढताना इंजिन तापते. एसी बंद, वेग कायम, काटा वर सरकला तर बाजूला थांबून रेडिएटर थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. पंख्याचा फ्यूज आणि कूलंटची पातळी वेंगुर्ल्यातच बघून ठेवा. बरोबर असाव्यात अशा वस्तू थोड्या: हवा असलेली स्टेपनी, जॅक, बारा व्होल्टचा हवा पंप, टोचनाचा दोर, फ्यूजचा संच, एक लिटर कूलंट, दोन लाकडी ठोकळे आणि फावडे. जांभ्याच्या तांबड्या धुळीने एअर फिल्टर भरतो, चौथ्या दिवशी काढून झटकला तर गाडी चढणीवर रडत नाही.

सहा रात्रींचा मार्ग असा धरा. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, गावखडीचे सुरूचे बन, कशेळीचा कनकादित्य, आडिवरे, जैतापूर, मग विजयदुर्ग. पुढे देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण-तारकर्ली, वेंगुर्ला आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे. तिथून सावंतवाडी, आंबोली, आजरा करत घरी. उंडारणे धरून ८०० किमी. रत्नागिरीच्या उत्तरेला, जयगड-तवसाळ किंवा धोपावे-दाभोळ इकडे जायचे तर गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, लादलेल्या गाडीचा बंपर घासतो, म्हणून माणसे खाली उतरवून गाडी चढवा. बोटीत गाडी पहिल्या गिअरला आणि हँडब्रेकवर. दक्षिणेच्या या मार्गावर सगळ्या खाड्यांवर पूल आहेत, नवख्यांना तोच बरा. पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की भरा. गाडी सीएनजीची असली तरी किनाऱ्याच्या रस्त्यावर भिस्त पेट्रोलवरच ठेवा.

गाडी पुळणीवर उतरवू नका. आमच्याकडची निम्मी टोचने याच हौसेची असतात. वरची वाळू कडक दिसते, खाली ओली आणि मऊ असते. ईकोची मागची चाके ओढतात आणि सगळे सामान त्यांच्याच डोक्यावर, म्हणून ती खणत खाली जातात. रुतली तर रेस करू नका. माणसे आणि पेट्या उतरवा, मागच्या चाकांची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकामागची वाळू फावड्याने उतरती करा, खाली झावळ्या किंवा फळ्या घाला आणि आलात त्याच चाकोरीने मागे या. घाई का करायची, तर भरती वाट बघत नाही. कोळी तिथीवरून वेळ काढतात, तिथीला पाऊणाने गुणायचे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी नेहमीच्या खुणेच्या वर येते. रात्री तंबू कुठे लावायचा हे शेवाळाची आणि काटक्यांची जी ओळ किनाऱ्यावर उमटलेली असते, तिच्या बऱ्याच वर ठरवायचे. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तिथे गाडी आणि दिवा दोन्ही लांब ठेवावेत.

मुक्काम सुन्या जागी नको, अंगणात हवा. किनाऱ्यालगतच्या गावांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी घरे पुष्कळ आहेत. एक गाडी आणि तंबू अंगणात, संडास-न्हाणी वापरायला, रात्रीचे जेवण त्यांच्याकडेच, असे सांगितले तर जेवणाचे पैसे सोडून जागेचे तीनशेच्या आसपास जमते. गटात मुली-बायका असतील तर अंगण ही नुसती सोय नव्हे, अटच समजा. काही देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या आवारातही विचारून गाडी लावता येते, पण गणपतीपुळ्याला अंगारकी आणि कुणकेश्वरला महाशिवरात्र या दिवसांत त्या बाजूला फिरकू नये. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडीला स्फोटके उतरली, तेव्हापासून या किनाऱ्यावर रात्री परकी गाडी दिसली की पोलीस विचारतातच. तिघांची ओळखपत्रे आणि गाडीचे कागद एका पाकिटात ठेवा, चिडू नका. गाडी माडाखाली लावू नये हे कोकणी माणसाला सांगावे लागत नाही, घाटावरच्याला लागते. नारळ नाही पडला तरी वाळकी झावळी काच फोडते.

आणि आता नव्या ओळखीच्या माणसांचे. प्रवासात भांडण समुद्रावरून होत नाही, दोनशे रुपयांवरून आणि पहाटे पाचच्या गजरावरून होते. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी तिघांनी एकदा बसावे आणि अवघड प्रश्न विचारून घ्यावेत. घोरतो कोण, कुणाला घाटात उलटी होते, कोणती औषधे चालू आहेत आणि ती कुठल्या कप्प्यात असतील, मासे शिजवायचे भांडे वेगळे लागेल का, सिगारेट गाडीत की बाहेर. एकमेकांच्या घरचा एकेक नंबर लिहून घ्या, आणि रोजचा मुक्काम एका घरी कळवा. मग भरलेल्या गाडीनिशी जवळच्या दंडोबाच्या डोंगरावर एक दिवस जाऊन या आणि रात्र कुणाच्या तरी अंगणात गाडीतच काढा. ज्याला तिथे झोप येत नाही त्याला तारकर्लीतही येणार नाही, आणि अंगणातून घरी जाणे सोपे असते.

पैसे आधी गोळा करा. लिटरला १४ किमी आणि १०५ रुपये धरले तर ८०० किमीला पेट्रोल ६,०००. रात्रीचे जेवण मुक्कामाच्या घरी, माणशी ३००, सहा रात्री, ५,४००. शिधा आणि गॅस २,५००, अंगणे १,८००, किल्ल्याची होडी, पार्किंग असे किरकोळ १,३००. झाले १७,०००. प्रत्येकी ७,००० जमा केले तर ४,००० राखीव राहतात. पैसे एकाकडे, वही दुसऱ्याकडे. काही रोकड हवीच, कारण खाडीकाठी रेंज जाते आणि मासेवाली थांबत नाही. राखीवातून काय भागवायचे तेही ठरवा. पंक्चर सर्वांचे, टायर-क्लच-ब्रेकची झीज मालकाची, आणि चालवताना ठोकली तर ठोकणाऱ्याची. क्लेम केला तर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीने कापले जाणारे १,००० रुपये आणि पुढच्या वर्षीचा गेलेला नो क्लेम बोनस कुणी सोसायचा, हा प्रश्न पत्रा चेपल्यावर विचारला की मैत्री संपते. चार हजारांच्या चेपेसाठी बहुधा क्लेम न करणेच स्वस्त पडते.

मालकाने एक लक्षात ठेवावे. पांढऱ्या पाटीच्या गाडीत खर्च वाटून घेणे वेगळे आणि भाडे घेणे वेगळे. किलोमीटरमागे दर लावून नफा काढला तर खासगी पॉलिसी हात वर करते. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा इतरांना लागू नसतो. सहप्रवाशांसाठी वेगळे कवच माणशी २ लाखांपर्यंत थोड्या पैशांत मिळते, ते घ्या. नुसत्या थर्ड पार्टीवर परक्यांची लेकरे घेऊन निघू नका. दुसरा कुणी चालवणार असेल तर त्याचा परवाना डिजिलॉकरवर स्वतः बघा. आणि शिरोड्यापर्यंत आलोच आहोत तर गोव्यातून दोन बाटल्या, हा मोह एकाच्या पिशवीत शिरला तरी परवान्याविना आणलेल्या दारूसाठी महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखाली गाडी जप्त होऊ शकते. पिशवी कुणाची हे नंतर ठरते, गाडी आधी अडकते. हे तोंडावर सांगायला नव्या ओळखीत संकोच वाटतो, पण सांगावे लागते.

राहिले सरकारचे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे, पण ती मोठ्या गाड्यांना आणि मोठ्या खिशांना बघून केलेली वाटते. ईकोवाल्याला वीजजोड नको, हिरवळ नको. किनाऱ्यालगतच्या ग्रामपंचायतींनी गावाकडेला दहा गाड्यांपुरती मुरमाची जागा, दोन संडास, एक न्हाणी, नळ आणि कचऱ्याचे पिंप एवढे केले आणि गाडीमागे रात्रीचे दोनशे रुपये पावती फाडून घेतले, तर पुळणीवर शिरणाऱ्या गाड्या कमी होतील आणि गावालाही चार पैसे मिळतील. आपल्या दैनिकाच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वार्ताहरांनी सरपंचांना हे विचारून पाहावे, ही विनंती.

आपले,
दोन वाचक, सांगली

ता. क. परत आल्या दिवशीच गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन लावावे. सरकत्या दाराच्या रुळात ग्रीस घालू नये, वाळू त्यालाच चिकटते आणि दार अर्ध्यावर अडते. आधी ब्रशने झाडा, मग कोरडा सिलिकॉन स्प्रे.